समाजमाध्यमांवरील आशयाचे नियमन : पालघर आणि राईनपाडा येथील घटनांच्या संदर्भात

प्रस्तावना :
वृत्तपत्रातील मजकूर छापण्यापूर्वी संपादकाच्या नजरेखालून जातो. समाजमाध्यमांवर मात्र वापरकर्त्याचा मजकूर आधी प्रसिद्ध होतो आणि त्याची तपासणी बहुधा मागाहून होते. या तपासणीस आशयनियमन म्हणतात. ते कोणी व कसे करावे, हा प्रश्न महाराष्ट्रातील दोन घटनांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

अतिनियंत्रणाचा धोका :
नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळण्यात आलेल्या बंदविषयी फेसबुकवर मत मांडणारी एक तरुणी आणि त्या मतास पसंती दर्शविणारी तिची मैत्रीण यांना तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे अटक झाली. त्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ चाही आधार घेण्यात आला होता. श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी हे संदिग्ध कलम घटनाबाह्य ठरविले. वापरकर्त्यांच्या मजकुराबाबत मध्यस्थ कंपन्यांना संरक्षण देणाऱ्या कलम ७९ चा अर्थही याच निकालात स्पष्ट झाला. न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची सूचना मिळाल्यावर मजकूर हटविणे कंपनीवर बंधनकारक ठरते. केवळ कोणा व्यक्तीच्या तक्रारीवरून नव्हे. अन्यथा जबाबदारी टाळण्यासाठी कंपन्यांनी प्रत्येक वादग्रस्त मजकूर काढून टाकला असता.

अनिर्बंध प्रसाराचा धोका :
१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. अशा अफवा त्या काळात व्हॉट्सॲपवरून पसरत होत्या. तेथील संदेश २०१६ पासून कूटबद्ध असल्याने ते वाचून हटविणे कंपनीस शक्य नव्हते. म्हणून जुलै २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा घालण्यात आली. मजकुराला हात न लावता त्याचा वेग कमी करणे, हाही नियमनाचाच एक प्रकार होय.

नियमांची चौकट :
फेब्रुवारी २०२१ मधील नियमांनी ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या माध्यमांवर भारतात निवासी तक्रार अधिकारी नेमण्याचे बंधन घातले. कंपनीने स्वतःहून काही प्रकारचा मजकूर हटविल्यास वापरकर्त्यास कारण कळविण्याची व त्याचे म्हणणे मांडू देण्याची तरतूदही त्यांत करण्यात आली. २०२२ च्या दुरुस्तीने तक्रार अपील समित्यांचा मार्ग खुला झाला.

समारोप :
पालघर येथे मत दडपले गेले, तर राईनपाड्यात अफवेने पाच बळी घेण्यास हातभार लावला. मत आणि अफवा यांना एकच निकष लावल्यास पहिल्यावर अन्याय होतो वा दुसरीला मोकळे रान मिळते. मताविषयीचा निर्णय कारणासह व दाद मागण्याच्या संधीसह व्हावा. जिवावर बेतणाऱ्या अफवेचा वेग मात्र तत्काळ रोखला जावा. हा भेद सांभाळणे हीच आशयनियमनाची खरी कसोटी आहे.