आजींच्या चालीने सम्मेदशिखर

झारखंडच्या गिरिडीह जिल्ह्यातील मधुबन पहाटे तीनलाच जागे होते. धर्मशाळांची दारे उघडतात आणि हातात काठी व विजेरी घेतलेले यात्रेकरू अनवाणी पावलांनी तीर्थराज सम्मेदशिखराची वाट धरतात. चोवीसांपैकी २० तीर्थंकरांची ही निर्वाणभूमी. सुमारे १,३६५ मीटर उंचीचा हा पारसनाथ डोंगर झारखंडमधील सर्वांत उंच आहे. यात्रेकरूंचा परंपरागत हिशेब असा : ९ किलोमीटर चढण, टोंकांची ९ किलोमीटर फेरी आणि ९ किलोमीटर उतरण.

सांगली जिल्ह्यातील एका कुटुंबातील ७२ वर्षांच्या आजी थंडीच्या अशाच एका पहाटे नातवासह निघाल्या. नातू सह्याद्रीतील गडकोट झपाट्याने चढणारा. आजींची ही तिसरी वंदना. पहिली त्यांनी सासूबाईंचा हात धरून केली होती. आता मात्र गुडघे कुरकुरत होते आणि रक्तदाबाची गोळी चालू होती. मुलाचे म्हणणे, डोलीच करावी. आजींचे म्हणणे, पाय आहेत तोवर पायांनीच जावे. अखेर मधला मार्ग निघाला. निघण्यापूर्वी दोन महिने रोज चालण्याचा सराव झाला, डॉक्टरांचा सल्ला घेतला गेला आणि रिकामी डोली मागून येईल असे ठरले. आजींची अट एकच होती : कोठे थांबायचे ते त्या स्वतः ठरवतील.

पहिल्या तासात नातू प्रत्येक वळणावर पुढे जाऊन उभा राहत असे आणि आजी पोहोचल्या की लगेच पुढे निघत असे. गंधर्व नाल्यापाशी आजी म्हणाल्या, "बाळ, तू विसावतोस आणि मी आले की निघतोस. मग माझा विसावा कधी?" नातू वरमला. त्यानंतर तो त्यांच्या मागून चालू लागला. किती वेगाने चालायचे, याचे मापही आजींकडे होते. चालताना णमोकार मंत्र मनात नव्हे, ओठांवर ठेवायचा; तो मध्येच तुटू लागला की थांबायचे. दम मोजण्याची याहून सोपी रीत डॉक्टरांनाही सांगता आली नसती.

प्रश्न पाण्याचा होता. खाली उतरेपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, असे आजींनी मनाशी योजले होते. परंतु उतारवयात शरीराला पाणी हवे असूनही तहान जाणवत नाही, हे डॉक्टरांनी त्यांना आधीच समजावले होते. सूर्योदयानंतर नातवाने उकळून आणलेले पाणी पुढे केले. क्षणभर थांबून आजींनी ते घेतले.

गौतम गणधरांच्या टोंकेवर दर्शन झाले आणि समोर दूरच्या शिखरावरील चंद्रप्रभ भगवानांची टोंक दिसली. उजवा गुडघा आता सुजला होता. "आजी, एवढे आलो आहोत, आता थोडेच राहिले. डोलीत बस," नातू म्हणाला. आजींनी मान हलवली. त्यांनी तेथूनच ललितकूटाच्या दिशेने हात जोडले आणि भाववंदना केली. "सोळा कारणभावनांत शक्तितस्तप सांगितले आहे, तप शक्तीप्रमाणे करावे. शक्ती झाकू नये, तसा तिचा खोटा आवही आणू नये. तू जाऊन ये, मी बसते."

नातू गेला नाही. आजवर एकही शिखर अर्ध्यावर न सोडलेला तो तरुण आजींच्या शेजारी बसला आणि त्यांच्या गुडघ्याला पट्टी बांधू लागला. वैयावृत्त्य हे अंतरंग तपांपैकी एक आहे, हे त्याने पाठशाळेत पाठ केले होते. त्या दिवशी ते त्याने आपल्या हातांनी केले.

पुढे सावकाश चालत दोघे पार्श्वनाथ भगवानांच्या सुवर्णभद्रकूटावर पोहोचले. खरी कसोटी उतरणीची. उतरताना शरीराचा भार गुडघ्यांवर अधिक येतो. येथे मात्र आजींनी डोली स्वीकारली. पण सपाट वाट आली की त्या उतरत आणि डोलीवाल्यांच्या खांद्यांना विसावा देत. "त्यांचेही गुडघेच आहेत," असे त्यांचे साधे स्पष्टीकरण होते. त्या चालत असताना नातू एक पायरी पुढे राहून आधार देई. चार हात भूमी पाहून चालावे, ही ईर्यासमितीची शिकवण. तिने वाटेवरची मुंगीही वाचते आणि वृद्धांचे पाऊलही सावरते.

वडीलधाऱ्यांना यात्रेला नेताना आपण बहुधा दोन चुका करतो. एक तर त्यांना असमर्थ मानून घरी ठेवतो, नाही तर आपल्या उत्साहाने त्यांना ओढत नेतो. दोन्हींत निर्णय आपलाच असतो.

संध्याकाळी घरून दूरध्वनी आला. मुलाने विचारले, "आईची वंदना पूर्ण झाली का?" नातवाने आजींकडे पाहिले. त्या गुडघ्याला तेल लावत शांतपणे बसल्या होत्या.

"झाली," तो म्हणाला.