टी-पेशींची शाळा

सावकाश तीन आकडे मोजा. एक... दोन... तीन! एवढ्या वेळात मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे ६० लाख नव्या तांबड्या रक्तपेशी तयार होतात. म्हणजे दर सेकंदाला २० लाख! तांबडी पेशी जगते सुमारे १२० दिवस. जुन्या पेशी मरत असतात, म्हणून नव्या सतत यायलाच हव्यात. त्यांच्या जोडीला रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही तयार होत असतात.

हा कारखाना असतो आपल्या हाडांत. छातीचे हाड, फासळ्या, कमरेची हाडे यांच्या आत अस्थिमज्जा नावाचा मऊ भाग असतो. तेथे हे काम अहोरात्र चालते. तुम्ही म्हणाल, 'इतक्या तऱ्हांच्या पेशी येतात तरी कोठून?' गंमत अशी, की त्या सर्व एकाच घराण्यातल्या असतात. त्यांची पणजी एकच. तिचे नाव रक्त-मूलपेशी.

उंदराच्या प्लीहेवरील गाठी

ही पणजी सापडली कशी? कॅनडातील टोराँटो शहरात जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅककुलक हे दोघे शास्त्रज्ञ काम करीत होते. टिल पदार्थवैज्ञानिक, तर मॅककुलक डॉक्टर. किरणांचा मारा करून त्यांनी उंदरांची अस्थिमज्जा निकामी केली आणि दुसऱ्या उंदरांच्या मज्जेतील पेशी त्यांना टोचल्या. सुमारे दहा दिवसांनी पाहिले, तर उंदरांच्या प्लीहेवर बारीक गाठी उठल्या होत्या. जितक्या जास्त पेशी टोचाव्यात, तितक्या जास्त गाठी! त्या गाठींत रक्तातल्या निरनिराळ्या पेशी तयार होत होत्या. हा शोध १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९६३ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की एक गाठ म्हणजे एकाच पेशीचा वंश. म्हणजे एकच पेशी अनेक प्रकारच्या पेशींना जन्म देऊ शकते.

छातीतील शाळा

आता या घराण्यातील एका लेकीची गोष्ट. तिचे नाव टी-पेशी. ही आपल्या शरीरातील चाणाक्ष शिपाई. विषाणू शिरलेली किंवा बिघडलेली पेशी ओळखायची आणि तिचा नाश करायचा, हे तिचे काम. पण शिपायाला आपला कोण आणि परका कोण हे कळले पाहिजे. नाही तर तो घरच्यांवरच लाठी उगारायचा!

हे शिक्षण मिळते छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वर असलेल्या थायमस ग्रंथीत. मराठीत तिला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात. लहानपणी ती मोठी असते आणि तारुण्य आले की आक्रसू लागते, म्हणून हे नाव. पूर्वी ही ग्रंथी निरुपयोगी समजली जाई. पण १९६१ मध्येच लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची ही ग्रंथी काढून टाकून पाहिली. ते उंदीर रोगांना सहज बळी पडू लागले आणि परक्या उंदराची कातडी लावली तरी त्यांचे शरीर ती नाकारीना. शिपाईच तयार होत नव्हते ना!

या शाळेची परीक्षा मात्र भारी कडक. शंभर विद्यार्थिनींतील पाचसुद्धा उत्तीर्ण होतात न होतात. ज्यांना काहीच ओळखता येत नाही त्या मरतात आणि ज्या आपल्याच पेशींवर धावून जातात त्याही बहुतेक तेथेच संपतात.

शिपाई कमी पडतात तेव्हा

कर्करोगाच्या पेशी परक्या नसतात. त्या आपल्यातूनच फितूर झालेल्या असतात, म्हणून त्या टी-पेशींना हुलकावणी देतात. यावर शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली. रुग्णाच्या रक्तातील टी-पेशी बाहेर काढायच्या, त्यांच्यात एक नवे जनुक घालायचे आणि त्यांची संख्या वाढवून त्या परत रुग्णाला द्यायच्या. त्या जनुकामुळे टी-पेशीला कर्करोगाची पेशी ओळखणारा नवा 'डोळा' मिळतो. या उपचाराला 'कार-टी' म्हणतात. अमेरिकेत २०१७ मध्ये त्याला मान्यता मिळाली. मुंबईच्या आय. आय. टी. आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्याने तयार झालेल्या भारतीय उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. रक्ताच्या काही कर्करोगांत, जेथे इतर औषधे हरली, तेथेही त्याने कित्येक रुग्ण बरे झाले आहेत.

पण अडचण पाहा. प्रत्येक रुग्णासाठी पेशी वेगळ्या तयार कराव्या लागतात. त्याला काही आठवडे लागतात आणि तेवढ्यात रोग थांबत नाही. शिवाय जालीम औषधे घेऊन थकलेल्या मुलाच्या रक्तात धडधाकट टी-पेशीच पुरेशा नसतील तर? घडवायचे तरी कोणाला?

मग प्रश्न उभा राहिला : मूलपेशी घेऊन शरीराबाहेर, काचेच्या बशीत, ताज्या टी-पेशी घडवता येतील का?

केळ्यावरची माशी मदतीला आली

उत्तराचा धागा निघाला एका माशीपासून! पिकलेल्या केळ्यावर घोंघावणारी इवलीशी फळमाशी तुम्ही पाहिली असेलच. १९१० नंतरच्या दशकात अमेरिकेत टी. एच. मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत या माशांचा अभ्यास चाले. काही माशांच्या पंखांच्या कडेला खाचा होत्या. हा दोष ज्या जनुकामुळे येतो त्याचे नाव पडले 'नॉच', म्हणजे खाच.

पुढे कळले, की या जनुकापासून बनणारे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर असते. शेजारच्या पेशीवर 'डेल्टा' नावाचे प्रथिन असते. दोघींचा स्पर्श झाला, की 'तू आता अमुक हो' असा निरोप पहिल्या पेशीला पोचतो. माणसात आणि उंदरातही नॉचचे भाऊबंद आहेत. उंदरांच्या रक्त-मूलपेशींतील नॉच बंद पाडले, तर टी-पेशी तयारच होत नाहीत, हे १९९९ मध्ये दिसून आले. म्हणजे थायमसच्या शाळेची घंटा होती ती हीच!

मग २००२ मध्ये, पुन्हा टोराँटोतच, थॉमस श्मिट आणि हुआन कार्लोस झुनिगा-फ्लूकर यांनी एक सुंदर प्रयोग केला. बशीत त्यांनी मज्जेतील आधारपेशींचा थर वाढवला आणि त्यावर उंदराच्या गर्भातील रक्त-मूलपेशी सोडल्या. साध्या थरावर त्यांच्या बी-पेशी झाल्या. बी-पेशी या शिपायांच्या दुसऱ्या जातीच्या. पण थरातील पेशींवर डेल्टा प्रथिन बसवले, तेव्हा त्याच मूलपेशींच्या टी-पेशी होऊ लागल्या! २००५ मध्ये माणसाच्या नाळेतील रक्तापासून मिळालेल्या मूलपेशींवरही ही युक्ती लागू पडल्याचे प्रसिद्ध झाले. बाळ जन्मल्यावर जी नाळ टाकून दिली जाते, तिच्यात हे धन असते, बरे का! २०१७ मध्ये लॉस एंजेलिसमधील शास्त्रज्ञांनी आधारपेशी आणि मूलपेशी यांचे छोटे गोळे करून जणू चिमुकली थायमसच बनवली.

अजून काय बाकी आहे?

तर मग अशा पेशी भरपूर तयार करून गोठवून ठेवाव्यात आणि रुग्ण आला की लगेच द्याव्यात. कल्पना छान आहे, पण एक मोठा धोका आहे. दुसऱ्याच्या शरीरातून आलेल्या टी-पेशीला रुग्णाचे सारे शरीरच परके वाटते आणि ती त्यावर हल्ला करू शकते. म्हणून शास्त्रज्ञ तिचा मूळचा 'डोळा' जनुकांत फेरफार करून काढून टाकतात, किंवा असा हल्ला सहसा न करणाऱ्या जातीच्या मारक पेशी मूलपेशींपासून घडवतात. शिवाय रुग्णाचे शरीरही या पाहुण्यांना हुसकावून लावू पाहते. त्या किती दिवस टिकतील, पुन्हा उलटलेल्या रोगाशी लढतील का, हे रुग्णांवर जपून तपासावे लागते. ते काम आज चालू आहे.

पुढच्या वेळी केळ्यावर ती माशी बसली, तर हाकलण्याआधी भिंगातून तिचे पंख पाहा. त्यांच्या कडा अखंड दिसतील. त्या अखंड ठेवणाऱ्या नॉचचाच एक भाऊबंद या क्षणी तुमच्या छातीत, हाडामागच्या त्या शाळेत, नव्या टी-पेशी घडवतो आहे.