नाव यादीत होतं, संगणकाला मात्र सापडेना

शाळा सुरू होण्याच्या आठवड्यातली गोष्ट. चिखलीत एका जमातीच्या कार्यालयात आम्ही बसलो होतो. फीसाठी मदत मिळणाऱ्या मुलांची यादी तपासण्याचं काम चालू होतं. एक बाई आल्या. नवरा चाकणला रात्रपाळीला, म्हणून त्या स्वतःच आलेल्या. लॅपटॉपवरच्या मुलाने शोधाच्या चौकटीत ‘खान’ टाकून एकेक नाव पाहिलं आणि म्हणाला, “आपा, मुलीचं नाव यादीत नाही.” त्यांनी पर्समधून फॉर्मची पावती काढली. मग कोणीतरी छापील यादी उघडली, तर तिसऱ्या पानावर नाव व्यवस्थित होतं!

मुलाची चूक नव्हती, बाईंची तर नव्हतीच. फाइलमध्ये आडनाव ‘ख़ान’ असं होतं, ख खाली नुक्ता दिलेलं. एवढ्याशा टिंबाने माणूस यादीबाहेर जातो कसा, ते समजून घ्यायला दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. एक फाँट, दुसरी एन्कोडिंग. आपल्याकडे सगळ्याच बिघाडाला ‘फाँट गेला’ म्हणतात आणि तिथेच घोळ होतो.

संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. युनिकोड या जगभर चालणाऱ्या पद्धतीत प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक आहे. क चा ०९१५, ख चा ०९१६. हे क्रमांक फाइलमध्ये कसे लिहायचे, ते एन्कोडिंग ठरवतं. आज सगळीकडे चालतं ते यूटीएफ-८. त्या क्रमांकाचं चित्र पडद्यावर काढतो तो फाँट. फाँट म्हणजे कपडे, क्रमांक म्हणजे माणूस. कपडे बदलल्याने माणूस बदलत नाही, पण क्रमांक चुकला तर माणूसच दुसरा.

आता नुक्त्याचं. युनिकोडमध्ये नुक्त्यासकट ख़ चं तयार अक्षर आहे, क्रमांक ०९५९. शिवाय साधा ख आणि त्यापुढे सुटा नुक्ता अशा दोन क्रमांकांनीही तेच अक्षर लिहिता येतं. पडद्यावर दोन्ही डिट्टो सारखी दिसतात. काही कळफलक तयार अक्षर टाकतात, काही दोन तुकडे. म्हणजे एकच आडनाव तीन तऱ्हांनी फाइलमध्ये बसू शकतं: नुक्ता नाही, तयार नुक्ता, सुटा नुक्ता. साध्या टेक्स्ट एडिटरचा शोध आकडे जुळवतो, आकडे जुळले नाहीत की ‘सापडलं नाही’ म्हणतो. क़ादरी, ज़ाकिर, फ़ातिमा या सगळ्यांना हाच त्रास. मराठीत नुक्ता वापरण्याचा रिवाज नाही, आणि मराठी सरकारी कागदांवर ही नावं सहसा त्याशिवायच येतात. म्हणून आमचं मत असं, की मराठी यादीत नुक्ता देऊच नये. उच्चार आपल्या जिभेवर शाबूत आहे, त्यासाठी फी अडकायला नको. जुनी फाइल असेल तर ‘रिप्लेस’ वापरून तयार ख़ आणि सुटा नुक्ता, दोन्ही काढा. एकच काढून थांबलात तर निम्मी नावं मागे राहतील. मोहम्मद, मुहम्मद आणि महंमद यांचा प्रश्न मात्र कुठलाही एडिटर सोडवणार नाही, तिथे आधार कार्ड समोर ठेवूनच टाइप करावं.

फाइल उघडल्यावर काय दिसतं त्यावरून रोग ओळखता येतो. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील तर काळजी नको. मजकूर शाबूत आहे, त्या संगणकावर मराठीचा फाँट तेवढा नाही. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि बाजूला छोटं गोल चिन्ह, अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसली तर फाइल यूटीएफ-८ आहे आणि एडिटर ती दुसऱ्याच पद्धतीने वाचतोय. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक क्रमांकाला तीन बाइट लागतात. एडिटर एकेक बाइट सुटा वाचतो आणि ‘खान’च्या तीन क्रमांकांची नऊ चिन्हं होतात. इथेही मजकूर जिवंत आहे, फक्त हात आवरा आणि सेव्ह करू नका.

खरी भीती प्रश्नचिन्हांची. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांनी भरल्या असतील तर क्रमांकच पुसले गेलेत. जुन्या नोटपॅडमध्ये फाइल आपोआप ‘एएनएसआय’ या पद्धतीत सेव्ह व्हायची, आणि तिच्यात मराठीला जागाच नाही. सेव्ह करताना ‘काही अक्षरं नष्ट होतील’ अशी इंग्रजी सूचना यायची. आपण काय करतो? न वाचता ओके. आमच्या ओळखीच्या एका ट्रस्टची तीन वर्षांची यादी अशीच एका ओकेत गेली, मग कागदी फॉर्मवरून पुन्हा टाइप करत बसले. फाइल अजून बंद केली नसेल तर कंट्रोल-झेड करून पाहा. नाहीतर मेलमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर पाठवलेली जुनी प्रत शोधा. प्रश्नचिन्हातून नाव परत काढणारं सॉफ्टवेअर नाही, कोणी तसं सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका. २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० च्या अपडेटपासून नोटपॅड नवी फाइल यूटीएफ-८ मध्येच ठेवतं. कार्यालयातला संगणक त्याहून जुना असेल तर ‘सेव्ह ॲज’च्या खिडकीत खाली एन्कोडिंग बघून मगच बटण दाबा.

यादीचं काम नेहमीचं असेल तर नोटपॅड प्लस प्लस घ्या, फुकट आहे. त्यात ‘सेटिंग्ज’मधल्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये जाऊन ‘न्यू डॉक्युमेंट’खाली यूटीएफ-८ एकदा निवडून ठेवा. फाइल कोणत्या पद्धतीत उघडली आहे ते खाली उजव्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं. ‘एन्कोडिंग’ मेनूत दोन प्रकारच्या ओळी आहेत. वरची नुसती ‘यूटीएफ-८’ म्हणजे ‘फाइल या पद्धतीने वाच’, आणि खालची ‘कन्व्हर्ट टू’ने सुरू होणारी म्हणजे ‘दिसतंय ते या पद्धतीत बदल’. तिरक्या रेघेचा ए दिसत असताना वरची ओळ निवडायची. घाईत खालची दाबून सेव्ह केलं तर कचराच पक्का होतो.

फाँटसाठी ‘सेटिंग्ज’मध्ये ‘स्टाइल कॉन्फिगरेटर’ उघडा आणि ‘डिफॉल्ट स्टाइल’ला निर्मला यूआय किंवा मंगल द्या, आकार १४ च्या आसपास ठेवा. अशा एडिटरमध्ये आधीपासून असलेल्या कुरियर न्यूसारख्या फाँटमध्ये देवनागरी नसते, विंडोज दुसऱ्या फाँटमधून उसनी आणतं. (मंगल काढला तो प्रा. र. कृ. जोशींनी. आपण रोज पाहतो ती अक्षरं एका मराठी माणसाच्या हातची आहेत, हे फार कमी जणांना माहीत असतं.)

जुन्या डीटीपीच्या फाइलींचं दुखणं वेगळं. पुणं तर या फाँटचं माहेरघरच, सी-डॅक इथलं आणि श्रीलिपी काढणारी मॉड्युलर इन्फोटेकही इथलीच. युनिकोड घरोघरी पोचण्याआधी या मंडळींमुळेच मराठी छपाई संगणकावर आली. पण त्या काळच्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी तुकडे बसवलेले असत. कृतिदेवमध्ये ‘खान’ म्हणजे फाइलमध्ये प्रत्यक्षात एक चौकटी कंस, दोनदा इंग्रजी के आणि एक यू! फाँट काढला की तेवढंच उरतं. अशा फाइलला मंगल लावून काही होत नाही. त्या त्या फाँटचा कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो, आणि नंतर जोडाक्षरं, रफार, ‘ऱ्या’ आणि ‘ळ’ डोळ्यांनी तपासावे लागतात. कन्व्हर्टर तिथेच अडखळतात.

उर्दूत इनपेजच्या जुन्या फाइलींचीही तीच कथा, त्या साध्या एडिटरमध्ये उघडतच नाहीत. युनिकोड उर्दू असेल तर नोटपॅड प्लस प्लसमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि आर एकत्र दाबा, ओळ उजवीकडून सुरू होते. फाँट म्हणून विंडोजमधला ‘उर्दू टाइपसेटिंग’ चालतो.

चाकणच्या ठेकेदारांकडे हजेरी सांभाळणाऱ्या मुलांनी एवढं लक्षात ठेवावं. मराठी नावांची सीएसव्ही फाइल थेट एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडू नका. एक्सेलच्या ‘डेटा’ मेनूतून ‘फ्रॉम टेक्स्ट’ने घ्या आणि ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा. किंवा नोटपॅड प्लस प्लसमध्ये आधी ‘कन्व्हर्ट टू यूटीएफ-८ बीओएम’ करून ठेवा, मग एक्सेल स्वतःच ओळखतं.

त्या दिवशी चिखलीत नुक्ते काढून पुन्हा ‘खान’ शोधलं, तर त्या मुलीसकट आणखीही काही नावं वर आली. त्यांतल्या काही जणांना आदल्या दिवशीच ‘नाव नाही’ म्हणून परत पाठवलं होतं. संध्याकाळपर्यंत तो मुलगा एकेकाला फोन करत बसला होता.