‘द ममी’चा तिसरा भाग आणि खरा सम्राट

२००८ साली आलेला ‘द ममी: टूम ऑफ द ड्रॅगन एम्परर’ खऱ्या इतिहासासोबत पाहिला की दुप्पट आवडतो. गोष्ट १९४६ची. रिक, एव्हलिन आणि त्यांचा मुलगा ॲलेक्स या ओ’कॉनेल कुटुंबासमोर शापाने मातीचा झालेला चिनी सम्राट जिवंत होतो आणि शांघायच्या रस्त्यांवर रथ उधळत सुटतो. एव्हलिनच्या भूमिकेत रेचल वाइझ नाही, याची हळहळ मलाही आहेच. पण जेट ली आणि मिशेल योह यांची तलवारबाजी चुकवू नका!

या सम्राटामागची प्रेरणा म्हणजे इ. स. पू. २२१ मध्ये चीन एकत्र आणणारा चिन शी ह्वांग. १९७४ मध्ये शीआनजवळ विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना त्याच्या मातीच्या सैन्याचा पत्ता लागला. एकेका सैनिकाचा चेहरा निरखा: मिशा वेगळ्या, अंबाडा वेगळा. हे पुतळे मुळात रंगवलेले होते. जमिनीबाहेर येताच कोरड्या हवेत रंगाचे पापुद्रे काही मिनिटांत सुटू लागत.

मुख्य कबर मात्र अजून उघडलेली नाही. आत पाऱ्याच्या नद्या वाहत्या केल्याचं इतिहासकार सिमा च्येन यांनी लिहून ठेवलंय, आणि वरच्या मातीत पाऱ्याचं प्रमाण खरोखरच जास्त आढळलंय.