बंदूक, पगार आणि आरती : नंदुरबारच्या डोंगरांनी इंग्रजांना दिलेली उत्तरं

युरोपी सत्ता दारात आल्यावर आशियातल्या समाजांनी काय केलं, या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे पाठ झालेलं आहे. जपान शहाणा, त्याने वेळेवर नवी विद्या घेतली. चीन हटवादी, म्हणून बुडाला. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा, मावची, कोकणी लोकांना तर या चर्चेत जागाच नसते. त्यांच्या वाट्याला इंग्रजी दप्तरातला 'लुटारू' हा शिक्का येतो, नाहीतर 'भोळेभाबडे' ही वरवरची सहानुभूती. दोन्ही चूक आहेत, आणि ती चूक किती खोल आहे हे नंदुरबार जिल्ह्याच्या इतिहासात दिसतं.

गैरसमज : इंग्रज खानदेशात आले ते 1818 साली, पेशवाई बुडाल्यावर.

राज्यकर्ते म्हणून आले तेव्हा. पण ईस्ट इंडिया कंपनीची वखार नंदुरबारला सतराव्या शतकातच निघाली होती. सुरतेच्या बंदराकडे जाणारा माल या बाजारातून जाई. फ्रेंच प्रवासी तावर्निये याने इथल्या द्राक्षांची आणि खरबुजांची वाखाणणी केली आहे. त्या काळी इंग्रज हा बाजारातला आणखी एक व्यापारी होता, इतकंच. याच शतकात जपानने डच व्यापाऱ्यांना नागासाकीजवळच्या देजिमा या इवल्याशा बेटावर बसवलं होतं आणि पुढची दोनशे वर्षं त्यांच्याकडून माल, पुस्तकं आणि जगाच्या बातम्या घेतल्या. म्हणजे जपानचं दार पुरतं बंद होतं, हेही अर्धसत्यच.

गैरसमज : भिल्लांचे उठाव म्हणजे लुटालूट.

हा सगळ्यांत चिवट गैरसमज आहे, म्हणून इथे जरा थांबायला हवं. घाटांची राखण, गावची जागल, वाटसरूंकडून घ्यायचा हक्काचा पैसा, या गोष्टी भिल्ल नाइकांकडे पिढ्यान्‌पिढ्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला होळकर-शिंद्यांच्या लढाया आणि 1803-04 चा भीषण दुष्काळ यांनी खानदेश उजाड केला. आजच्या शहादा तालुक्यातला सुलतानपूर हा भरलेला परगणा ओसाड पडला. गावच उरलं नाही तर गावचा हक्क कुठून मिळणार? त्यात पेशव्यांच्या अधिकाऱ्याने कोपरगावला भिल्लांना बोलण्यासाठी म्हणून बोलावलं आणि दग्याने पकडून त्यांतल्या बहुतेकांना विहिरींत ढकलून मारलं. सरकारच्या शब्दावरचा विश्वास तिथेच संपला.

1818 साली कंपनीचा अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज खानदेशात आला तेव्हा नाईक घाट अडवून बसले होते, त्यामागे हा सगळा इतिहास होता. त्यांची मागणी सरळ होती : आमचे हक्क परत द्या. कंपनी सरकारने आधी फौजा पाठवल्या. त्या सातपुड्यात हिवतापाने आडव्या झाल्या. मग नाइकांना तनखे बांधून दिले आणि घाटांची राखण पुन्हा त्यांच्याच हाती सोपवली. ज्यांना दप्तरात दरोडेखोर लिहिलं त्यांच्याशीच सरकारला करार करावा लागला, ही नोंद त्याच दप्तरात आहे. काठी, चिखली, गव्हाळी, सिंगपूर इथल्या मेवासी संस्थानिकांशीही असेच व्यवहार झाले.

गैरसमज : भिल्ल पलटणीत गेले, म्हणजे ते शरण गेले.

1825 साली खानदेशात तीन भिल्ल एजन्स्या झाल्या. नंदुरबार, सुलतानपूर, पिंपळनेर आणि डांग हा मुलूख वायव्य एजन्सीत आला. त्याच वर्षी जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी करायला घेतली. सुरुवातीला माणसंच मिळेनात. आपल्याला एकत्र करून मारणार, ही अफवा पसरायला कोपरगावची आठवण पुरेशी होती. औट्रम त्यांच्याबरोबर शिकारीला गेला, त्यांच्यात राहिला, तेव्हा कुठे माणसं जमू लागली. ही पलटण पुढे भिल्लांच्याच उठावांवर चालून गेली, हे खरं आहे आणि ते झाकायचं कारण नाही. पण पगार आणि अभय पदरात पाडून घेऊन माणसं भरती झाली. नोकरी ही त्यांनी केलेली तडजोड होती. तिला नुसती लाचारी म्हटलं की त्यांच्या अकलेचा अपमान होतो.

खाज्या नाईक हे याचं सर्वांत ठळक उदाहरण. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या सेंधव्याच्या घाटाची राखण त्याच्याकडे होती. सरकारची नोकरी केली, सरकारच्या तुरुंगातही गेला, सुटून परत कामावर आला. आणि 1857 साली भीमा नाइकाबरोबर त्याच रस्त्यावर त्याने सुमारे सात लाखांचा खजिना लुटला. राखणदाराला रस्त्याचं प्रत्येक वळण ठाऊक होतं. माळव्याची अफूही याच बाजूने मुंबईला उतरे आणि तिथून जहाजाने चीनला जाई. ज्या अफूसाठी इंग्रजांनी 1839 ते 1842 चीनशी युद्ध केलं, तिचा रस्ता आणि भिल्ल नाइकांचा घाट एकाच नकाशावर होते.

11 एप्रिल 1858 रोजी सातपुड्यातल्या अंबापाणीला मोठी लढाई झाली. भिल्लांनी दिवसभर झुंज दिली. पकडलेल्यांपैकी पन्नासहून अधिक जणांना तिथल्या तिथे लष्करी न्यायालय भरवून गोळ्या घातल्या गेल्या, बायका-मुलं कैद झाली. खाज्या नाईक 1860 साली दग्याने मारला गेला. भीमा नाइकाला काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि 1876 साली अंदमानातच त्याचा अंत झाला.

तेच लोक आधी नोकरी करतात आणि मग लढतात, यात कुणाला विसंगती वाटत असेल तर त्याने जपानकडे पाहावं. चोशू या सुभ्याने 1863 साली परदेशी जहाजांवर तोफा डागल्या. पुढच्याच वर्षी चार राष्ट्रांच्या आरमाराने त्याच्या तोफा मोडून काढल्या. आणि 1868 साली मेजी राजवट आणून पाश्चात्त्य विद्या शिकायला निघालेल्यांत याच चोशूचे लोक पुढे होते. लढणारे आणि शिकणारे अशा दोन जाती तिथेही नव्हत्या. फरक असा, की चोशूकडे सरकार हाती घेण्याची ताकद होती. सातपुड्यातल्या नाइकांकडे ती नव्हती.

गैरसमज : दारूबंदीच्या, भक्तीच्या चळवळींचा राजकारणाशी संबंध नव्हता.

1878 साली जंगल कायदा आला आणि त्याच वर्षी मुंबई इलाख्याचा अबकारी कायदाही. जंगल सरकारचं झालं आणि घरी मोहाची गाळणं हा गुन्हा ठरला. दारू ठेकेदाराच्या गुत्त्यावरून घ्यायची, पैसे नसतील तर सावकाराकडून काढायचे आणि शेवटी जमीन लिहून द्यायची. अशा व्यवस्थेत दारू सोडणं म्हणजे ठेकेदाराचा गल्ला आणि सरकारचा महसूल एकदमच तोडणं. 1922-23 साली किनाऱ्याकडून दारू सोडा म्हणणारी देवीची चळवळ आली, तेव्हा पश्चिम खानदेशातल्या गावांनी हेच केलं. तळोद्याजवळच्या मोरवडला संत गुलाम महाराजांनी 1930 च्या दशकात आप धर्माची शिकवण दिली. दारू-मांस सोडा, स्वच्छ राहा, सोमवारी आरतीला या आणि समोरच्याला 'आप' म्हणा. ज्यांना सारं जग अरेतुरे करत होतं, ते एकमेकांना 'आप' म्हणू लागले. हजारोंनी माणसं जमू लागली आणि सरकारला धडकी भरली. कोरियात 1860 साली सुरू झालेला दोंगहाक पंथही असाच माणसाला देवाइतका मान देणारा होता. त्यातूनच 1894 चं मोठं शेतकरी बंड उभं राहिलं.

1938 साली गुलाम महाराज गेले. त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी काम पुढे नेलं, तेव्हा सरकारने त्यांना हद्दपार केलं.

गैरसमज : नंदुरबारचा स्वातंत्र्यलढा म्हणजे फक्त शिरीषकुमार.

9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबार शहरात तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा हे पाच जण हुतात्मा झाले. शिरीषकुमार जेमतेम पंधरा वर्षांचा होता. या पोरांपुढे मान झुकलीच पाहिजे. पण सहाच महिन्यांनी, 2 मार्च 1943 रोजी, तळोदा तालुक्यातल्या रावलापाणीला रामदास महाराजांच्या जमलेल्या अनुयायांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि 15 आदिवासी मारले गेले. तिथल्या दगडांवरच्या गोळ्यांच्या खुणा आजही दाखवल्या जातात. दर 2 मार्चला लोक तिथे अभिवादनाला जमतात.

जिल्ह्यातल्या शिक्षकांना एक विनंती. 9 सप्टेंबरला मुलांना चौकातल्या स्मारकापाशी नेता, तसं 2 मार्चला रावलापाणीलाही न्या. वर्गातल्या किती मुलांच्या घरी त्या दिवसाच्या आठवणी सांगितल्या जातात, तेही विचारा आणि लिहून ठेवा.