माप पूर्ण, पण कस?

मैत्रिणींनो, वाण्याकडची तूरडाळ शिजायला वेळ घेऊ लागली की दोन दिवसांत आपल्या लक्षात येतं. दूध पातळ आलं तर साय सांगते. पण घरखर्चातली एक चांगली मोठी रक्कम अशी आहे, की जिचा कस आपण कधी पाहतच नाही. ती म्हणजे पेट्रोल! पंपावर काट्याचं शून्य बघायचं, पैसे मोजायचे आणि निघायचं. माप बरोबर ना, मग झालं तर! पण गेल्या काही वर्षांत माप तेच राहून लिटरच्या आतला माल बदलला आहे, आणि त्याचा हिशेब ठेवायला आपल्यासारखी गृहिणीच हवी.

आज बहुतेक पंपांवर मिळतं ते ई-२० पेट्रोल. म्हणजे शंभर भागांत ऐंशी भाग पेट्रोल आणि वीस भाग इथेनॉल. इथेनॉल म्हणजे साध्या भाषेत अल्कोहोल. आपल्याकडे ते उसाच्या रसापासून आणि मळीपासून होतं, शिवाय मका आणि तांदळाची कणी यांपासूनही. साखर कारखान्याच्या वाटेने जाताना नाकाला झोंबणारा मळीचा वास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना जास्त सांगायला नकोच.

हे काही एका रात्रीत झालेलं नाही. २००१ साली पहिले प्रयोग झाले त्यांत आपलं मिरज आणि मनमाड होतं. २००३ मध्ये काही राज्यांत पाच टक्के मिसळायला सुरुवात झाली. जून २०२२ मध्ये देशभरात दहा टक्क्यांचा पल्ला गाठला गेला आणि ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळूरला ई-२० आलं. वीस टक्क्यांचं उद्दिष्ट आधी २०३० सालचं होतं, ते २०२५ मध्येच गाठलं. घाई कौतुकाची खरी, पण आपल्या दारातली गाडी काही त्या वेगाने नवी होत नाही ना!

आता मुख्य मुद्दा. एक लिटर पेट्रोल जळून जेवढी उष्णता देतं, तिच्या साधारण दोन-तृतीयांशच उष्णता एक लिटर इथेनॉल देतं. त्यामुळे पाचवा हिस्सा इथेनॉल असलेल्या लिटरमध्ये निव्वळ पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ताकद कमी. शाळेत पाचवीच्या मुलांना घालावं एवढं सोपं गणित आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही हेच आकडे आहेत: दहा टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणासाठी जुळवलेल्या जुन्या मोटारींचं ॲव्हरेज ई-२० वर सहा ते सात टक्के उतरेल, दुचाकींचं तीन ते चार टक्के, आणि ई-२० साठीच जुळवून घेतलेल्या मोटारींचं एक-दोन टक्के.

घरच्या वहीत याचा अर्थ काय? समजा मोटार लिटरला १५ किलोमीटर देत होती आणि महिन्याला ६०० किलोमीटर चालते. म्हणजे ४० लिटर. ॲव्हरेज सहा टक्क्यांनी उतरलं, तर त्याच अंतराला साडेबेचाळीस लिटर लागतील. लिटरला शंभरच रुपये धरले तरी महिन्याला अडीचशे रुपये आणि वर्षाला तीन हजार! स्कूटरचं तेवढं वाईट नाही. ४५ चं ॲव्हरेज आणि महिन्याला साडेचारशे किलोमीटर धावणं असेल, तर चाळीसेक रुपयांचा फरक. एखाद्या कोथिंबिरीच्या जुडीचा भाव म्हणा.

मात्र कोणी म्हणालं, की "आमचं ॲव्हरेज निम्म्यावर आलं, हे सगळं त्या इथेनॉलपायी," तर विश्वास ठेवू नका. तेवढा फरक इथेनॉलने पडत नाही. टायरमध्ये हवा कमी असेल, एअर फिल्टर धुळीने भरला असेल, ब्रेक घासत असेल. हल्ली काही बिघडलं की इथेनॉलच्या नावाने बोटं मोडायची फॅशन झाली आहे, आणि मेकॅनिकलाही ते सोयीचंच पडतं.

इथेनॉलचा एक गुण मान्य केला पाहिजे. त्याने पेट्रोलचा ऑक्टेन आकडा वाढतो, म्हणजे चढावर इंजिन खटखट वाजत नाही. नव्या गाड्यांची इंजिनं हा गुण उचलतात. जुन्या इंजिनाला त्याचा फारसा लाभ नाही. मोठ्या बरणीत मूठभर लोणचं ठेवण्यासारखंच ते!

जुन्या स्कूटरचं दुखणं निराळं आहे. इथेनॉलच्या अंगातच प्राणवायू असतो, त्यामुळे ई-२० ला बाहेरची हवा जरा कमी लागते. नव्या गाडीत इंजेक्शन आणि सेन्सर असतो, तो आमटी चाखून मीठ घालणाऱ्या सुगरणीसारखा वेळच्या वेळी माप बदलतो. जुना कार्बुरेटर मात्र नेहमीच्याच वाटीने घालत राहतो. मग मिश्रणात हवा जास्त होते, गाडी सकाळी गचके खाते, इंजिन जास्त तापतं. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक दुचाकींना इंजेक्शन आहे; त्याआधीची असेल तर मेकॅनिककडून कार्बुरेटर जुळवून घ्या.

दुसरं म्हणजे रबर. अल्कोहोलमुळे जुन्या पद्धतीच्या नळ्या, वॉशर, गॅस्केट फुगतात, कडक होतात, चिरतात. हे दोन दिवसांत होत नाही, पण पेट्रोलची नळी चिरणं ही काही ॲव्हरेजसारखी रुपया-आण्याची गोष्ट नव्हे. गाडीखाली ओला डाग किंवा पेट्रोलचा वास आला, तर ती तशीच चालवू नका. शिवाय इथेनॉल जुन्या टाकीतला गाळ सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये जाऊन बसतो.

तिसरी गोष्ट आपल्या पावसाळ्याची. इथेनॉलला पाण्याची ओढ भारी. थोडं पाणी ते पोटात घेतं, पण जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटून टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिनला पहिलं तेच जातं. आमच्या शाळेतल्या एका बाईंची स्कूटर जूनभर ताडपत्रीखाली उभी होती. सुरू होईना म्हणून टाकी रिकामी केली, तर तळाला दोन पेले पाणचट द्रव!

आता थोडं कडू बोलते. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. ते वाचावं आणि उसाचा, मक्याचा पैसा शेतकऱ्याच्या घरी जावा, हे कोणाला नको असेल? माझं माहेर ऊसपट्ट्यातलं आहे, मला तर ते हवंच आहे. पण ॲव्हरेजमधली घट भरून निघावी म्हणून ग्राहकाला करसवलत द्यायचा विचार त्या २०२१ च्या अहवालातच मांडलेला होता. पंपावर भाव काही उतरला नाही. सरकारचं म्हणणं, की इथेनॉल विकत घेणंच आता महाग पडतं. इथेनॉल नसलेलं पेट्रोलही मिळावं म्हणून केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. म्हणजे निवड नाही, सूटही नाही. कस कमी झालेल्या मालाला जुनाच भाव लावला, तर आपण वाण्याला सोडतो का हो?

असो. आपल्या हातात काय आहे ते पाहू. गाडीचं पुस्तक काढा. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे रबरी-धातूचे भाग ई-२० ला चालणारे आहेत, आणि एप्रिल २०२५ पासूनच्यांची इंजिनंही तशी जुळवलेली. त्याआधीची असेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगला पेट्रोलची नळी, वॉशर आणि फिल्टर ई-२० ला चालणारे घालून घ्या आणि बिलावर तसं लिहून मागा. पुढे वॉरंटीचा वाद निघाला तर तोच कागद कामाला येईल.

ॲव्हरेज मोजायचं ते असं: एकाच पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, मीटरचा आकडा वहीत लिहा. गाडी वापरा. पुन्हा तशीच टाकी भरा. जितके किलोमीटर झाले त्यांना भरलेल्या लिटरने भागा. एकदा मोजून भागत नाही, तीन वेळा करा. मापाचीच शंका असेल, तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप मागायचा हक्क आपल्याला आहे; संकोच करू नका.

आणि हो, गावाला जाताना स्कूटर महिनाभर उभी राहणार असेल, तर टाकी तळाला ठेवून जाऊ नका. रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते. ती भरून ठेवा, झाकणाचं रबर तपासा आणि शेजारच्या भरवशाच्या मुलाला सांगून आठवड्या-पंधरवड्याने एक फेरी मारवून घ्या.