लाखनीतल्या घरात ‘रीडिंग नूक’ करायचाय? आधी कूलर कुठे आहे ते बघा

इन्स्टाग्राम उघडलं की दोन-चार रील्सनंतर ती दिसतेच. काचेची मोठी खिडकी, बाहेर पाऊस, खिडकीच्या कट्ट्यावर मऊ गादी, चार उशा, पिवळ्या दिव्यांची माळ, वाफाळणारा कॉफीचा मग आणि मांडीवर उघडं पुस्तक. खाली लिहिलेलं असतं, ‘माय कोझी रीडिंग नूक’.

मीही भुलले. घरून काम करायची मुभा मिळाली आणि मी पुण्याहून लाखनीला आले, तेव्हा पहिलं काम हेच केलं. दिव्यांची माळ मागवली, जमिनीवर टाकायची जाड गादी मागवली आणि समोरच्या खोलीतला खिडकीजवळचा कोपरा धरला. खिडकी पश्चिमेची, महिना मे. दुपारी चारला पुस्तक घेऊन बसले आणि दहाव्या मिनिटाला उठले. भिंतीला पाठ टेकवत नव्हती, एवढी ती तापलेली.

मग पाऊस आला. पुस्तकं मी तोवर पुठ्ठ्याच्या खोक्यात, त्याच भिंतीला लावून ठेवली होती. ऑगस्टमध्ये खोका उचलायला गेले तर तळ हातात आला. उधई. माझी नवी पुस्तकं गेली त्याचं फार नाही, ती परत घेता येतात. पण त्याच खोक्यात आबाजींची चार जुनी पुस्तकं होती, त्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षांत घेतलेली, पहिल्या पानावर तारीख आणि सही असलेली. आबाजी मला काहीच बोलले नाहीत. खोका अंगणात नेला आणि एकेका पानावरची माती झटकत बसले.

त्यानंतर मी हा विषय जरा नीट समजून घेतला. रीलमधला कोपरा आपल्याकडे का चालत नाही आणि काय चालतं, ते सांगते.

कोझी म्हणजे नक्की काय?

ही सगळी हवा आली थंड देशांतून. २०१६ च्या सुमारास डॅनिश लोकांचा ‘ह्युगे’ हा शब्द जगभर गाजला. घरातली ऊब, मंद दिवे, लोकरीची शाल, आपली माणसं असा त्याचा साधारण अर्थ. डेन्मार्कमध्ये डिसेंबरात दुपारी पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. तिथे माणसाला ऊब आणि पिवळा दिवा हवासा वाटणारच.

भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. आपल्याला हवा असतो गारवा. त्यामुळे फर, मखमल, जाड उशा आणि तोंडावर येणारं ऊन हे सगळं डिसेंबर-जानेवारीचे दोन महिने सोडले तर आपल्या कामाचं नाही.

पण कोपरा आवडतो, हे मात्र सगळीकडे सारखं आहे. जे अ‍ॅपलटन नावाच्या इंग्रज भूगोलतज्ज्ञाने १९७५ मध्ये एक कल्पना मांडली होती. माणसाला अशी जागा बरी वाटते, जिथे पाठीमागे आडोसा असतो आणि समोर मोकळं दिसतं. आपण लपलेले, पण नजर दूरवर. आता आपल्याकडच्या जुन्या घराची ओसरी आठवा, किंवा आपल्या झाडीपट्टीच्या बोलीत म्हणतात ती सपरी. मागे भिंत, डोक्यावर उतरतं कवेलूचं छत, समोर अंगण. वर्षानुवर्षं घरातले म्हातारे पेपर घेऊन तिथेच का बसत आले, याचं उत्तर मिळतं. रीलवाल्यांनी ज्याला खिडकीचा कट्टा केलं, ते आपण सपरीच्या रूपात बांधून मोकळे झालो होतो. नंतर तिथे ग्रिल लावली आणि मोटारसायकल उभी केली, ही आपली चूक.

एवढीशी जागा, त्यात कोपरा कुठे काढायचा?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. दोन खोल्या, पाच माणसं, एक टीव्ही. यावर मी एक गोष्ट सांगते.

मुंबईत परळच्या डबक चाळीत एक कुटुंब एकाच खोलीत राहायचं. स्वयंपाक तिथेच, झोपणं तिथेच, भांडीकुंडी तिथेच. खोलीत दोघांना धड झोपायलाही जागा नव्हती. म्हणून वडिलांनी युक्ती काढली. मुलाला लवकर झोपवायचं, स्वतः रात्री दोनपर्यंत जागं राहायचं, दोन वाजता मुलाला उठवायचं आणि त्याच्या जागी आपण झोपायचं. मुलगा मग रॉकेलच्या बिनकाचेच्या दिव्यावर पहाटेपर्यंत वाचायचा. शेजारी जातं, पलीकडे बकरी. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात हे वर्णन आहे. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. पुढे १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं, ते पुस्तकांना जागा हवी म्हणून. खाली कुटुंब, वर ग्रंथसंग्रह. (हेच बाबासाहेब १९५४ साली आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले होते आणि आपण त्यांना हरवलं, हेही जाता जाता लक्षात असू द्या.)

दिव्यावर डोळे फोडत वाचावं, असं मला म्हणायचं नाही. त्या घरात जागा नव्हती, तर वडिलांनी वेळेतून जागा काढली. हा मुद्दा पुढे परत येईल.

दुसरं उदाहरण भिलारचं. सातारा जिल्ह्यात पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं स्ट्रॉबेरीचं गाव. ४ मे २०१७ रोजी ते ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून जाहीर झालं. प्रेरणा वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावाची. पण एक मोठा फरक आहे. हे-ऑन-वाय जुन्या पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे, तर भिलारमध्ये गावकऱ्यांनी आपल्या राहत्या घरातली समोरची खोली, ओसरी, पडवी वाचकांना दिली. सुरुवातीला २५ ठिकाणं आणि सुमारे १५ हजार पुस्तकं होती. एका घरात कविता, दुसऱ्यात इतिहास, तिसऱ्यात बालसाहित्य. कुणीही आत जायचं, बसायचं, वाचायचं, फुकट. नीट पाहिलं तर भिलार म्हणजे अनेक घरांमधल्या वाचन-कोपऱ्यांची बेरीज आहे. वेगळी इमारत लागलीच नाही.

आता जागा निवडू

पश्चिमेची भिंत टाळा. विटांची भिंत दुपारचं ऊन पिते आणि ती उष्णता संध्याकाळी, रात्री आत सोडते. म्हणजे ऑफिस-शाळा आटोपून तुम्ही वाचायला बसता नेमकं तेव्हा. उत्तरेची खिडकी सगळ्यात चांगली. तिथून दिवसभर सारखा उजेड येतो, थेट ऊन फारसं येत नाही. पूर्वेची असेल तर सकाळ तुमची.

आता कूलर. विदर्भात कोणत्याही खोलीची मांडणी कूलर ठरवतो, आपण नाही. कूलर हवेत बाष्प सोडून हवा गार करतो. मे महिन्यात बाहेरची हवा एवढी कोरडी असते की खोलीत थोडा ओलावा वाढला तर पुस्तकांचं फार बिघडत नाही. पण झोताच्या समोर कपाट असेल तर बारीक तुषार पानांवर बसतात, कडा फुगतात, पुठ्ठे वाकतात. म्हणून पुस्तकं आणि वाचणारा, दोघेही झोताच्या बाजूला हवेत, समोर नकोत. आणि मृग बरसला की कूलर बंद करा. हवा आधीच दमट असते, कूलर गारवा देत नाही, नुसता ओलावा वाढवतो. बुरशीला तेवढंच हवं असतं.

उजेडाचं गणित

वाचायला साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड चांगला मानतात. लक्स म्हणजे एका जागेवर पडणारा उजेड मोजायचं एकक. फोनमध्ये लक्स मोजायची फुकट अ‍ॅप मिळतात. आकडा अगदी अचूक येत नाही, पण अंदाज येतो. मी मोजलं तर आमच्या कोपऱ्यात १०० सुद्धा नव्हता, ट्यूबलाइट लावून!

इथे लगेच मोठा बल्ब आणायला धावू नका. दिवा जवळ आणा. दिव्याचं अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. छताजवळचा बल्ब पुस्तकापासून सहा फुटांवर असेल आणि तोच दोन फुटांवर आणला, तर बल्बचा थेट उजेड नऊपट. त्यामुळे ९ वॅटचा साधा एलईडी, वर टोपी असलेल्या दिव्यात घालून, खांद्याच्या मागून पुस्तकावर पडेल असा लावला की काम होतं. लिहायचंही असेल तर उजव्या हाताने लिहिणाऱ्यांनी दिवा डावीकडे ठेवावा, हाताची सावली पडत नाही. दिव्याच्या खोक्यावर ‘के’ पुढचा आकडा बघा. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे पांढराशुभ्र. संध्याकाळी पिवळसर बरा वाटतो. त्या माळेने मात्र फोटो येतात, अक्षरं दिसत नाहीत.

कमी उजेडात वाचलं की डोळे कायमचे बिघडतात, असं आपण लहानपणापासून ऐकलंय. तसं होत नाही. डोळे थकतात, डोकं धरतं, झोपलं की उतरतं. पण वयस्कर माणसांचा हिशोब वेगळा आहे. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश उजेडच पोहोचतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग पिवळट पडतं. मोतीबिंदू असेल तर आणखी कमी. आबाजींनी वाचणं सोडलं, त्यांना आता कंटाळा येतो, असं आमच्या घरात दोन वर्षं सगळे समजत होते. दिवा जवळ आणल्यावर ते परत पेपरच्या संपादकीयावर भांडायला लागले. मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून बाकी आहे, ते दिव्याने टळणार नाही.

उधई, कसर आणि आपण

उधई जमिनीतून येते. तिला ओलावा आणि पुठ्ठा, कागद, लाकूड लागतं. उघड्यावर फिरत नाही, भिंतीवर मातीची बारीक नळी बांधत चढते. म्हणजे मी जे केलं होतं, पुठ्ठ्याचा खोका, जमिनीवर, ओल्या भिंतीला चिकटवून, ते तिला जेवणाचं निमंत्रणच होतं. पुस्तकं जमिनीपासून निदान फूटभर वर, भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून ठेवा आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी टॉर्च घेऊन मागची भिंत बघा. मातीची नळी दिसली की समजा, आली. लोखंडी रॅक दिसायला बरी नसते, पण आपल्याकडे तीच शहाणी. कपाटाचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवायची जुनी पद्धत मुंग्यांना अडवते, मात्र त्या पाण्यात डास होतात.

कसर वेगळी. ती चंदेरी, चपळ, जुन्या बांधणीतल्या खळीवर जगते. डांबराच्या गोळ्यांनी ती पळते, पण बंद छोट्या खोलीत तो वास आपल्यालाही चांगला नाही, आणि घरात लहान मूल असेल तर गोळ्या ठेवूच नका. कडुनिंबाचा पाला चालतो, तो कडकडीत वाळलेला हवा. ओलसर पाला ठेवला तर बुरशी आपणच आणली. एखाद्या पुस्तकाला कीड लागलीच असेल तर ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डीप फ्रीजरमध्ये निदान दोन आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी काही तास उघडू नका. आई आधी ओरडेल. पण कीड मरते.

पाऊस सरल्यावर पुस्तकांना हवा द्या, ऊन नको. स्वस्त कागदात लिग्निन असतं, उन्हाने ते पिवळं पडतं.

फळीबद्दल थोडं. एक फूट लांबीची उभी पुस्तकं सात-आठ किलो भरतात, म्हणजे तीन फुटांची फळी वीस-पंचवीस किलो पेलते. मातीच्या जुन्या भिंतीत स्क्रू एवढं वजन धरत नाही. पण अशा भिंतींत देवळ्या, कोनाडे आयतेच असतात. दिवा आणि वाचत असलेलं एखादं पुस्तक तिथे छान मावतं.

बसायला सतरंजी, वर कापसाची गादी, पाठीला लोड. पुस्तक मांडीत ठेवून मान खाली घालू नका. ठवणी, म्हणजे पोथी ठेवायची घडीची लाकडी घोडी, माळ्यावर पडलेली असेल तर काढा. पुस्तक डोळ्यांसमोर येतं.

कोपरा कुणाचा?

हे सगळं करून झाल्यावर मला एक गोष्ट उशिरा दिसली. कोपरा झाला, आबाजी बसायला लागले, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा भाऊ बसायला लागला, मी तर होतेच. आई कधीच बसली नाही. ती वाचते, पण स्वयंपाकखोलीच्या उंबरठ्यावर, एक कान कुकरकडे ठेवून. विचारलं तर म्हणाली, “तिथं बसली की दोन मिनिटात कोणी ना कोणी हाक मारतेच. मंग कायले बसू?”

डबक चाळीतल्या वडिलांनी मुलाला दिली होती ती हीच गोष्ट, न मोडणारे काही तास. मग आम्ही ठरवलं की दुपारी अडीच ते चार कोपरा आईचा, आणि त्या वेळात तिला हाक मारायची नाही. पहिल्या आठवड्यात आबाजींनी चहासाठी दोनदा आणि भावाने चार्जरसाठी एकदा हाक मारली. आता भाऊ चहा करायला शिकलाय. बेताचा करतो.

सध्या मात्र कोपरा निम्मा उरलाय. धान निघालं, आणि केंद्रावर काटा होईपर्यंत कट्टे समोरच्या खोलीतच रचावे लागतात. धानामागे उंदीर येतात आणि उंदीर पुस्तकंही कुरतडतात, म्हणून खालच्या दोन फळ्या रिकाम्या करून पुस्तकं वर चढवली आहेत. लोड काढून टाकलाय. आई कट्ट्यांना पाठ टेकून बसते, म्हणते लोडापेक्षा हेच बरं.